‘मापनीय दूरस्थ प्रक्रिया आवाहन’ : चारपैकी तीन शब्द बदलावेत

ऐरोलीतील आपल्या कार्यालयात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी वेबसेवांची मराठी माहितीपुस्तिका तयार होत आहे. तिच्यातील ‘स्केलेबल रिमोट प्रोसीजर कॉल सेवा’ या मथळ्यासाठी एका सहकाऱ्याने ‘मापनीय दूरस्थ प्रक्रिया आवाहन सेवा’ असे सुचवले असून ते चालेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते यातला ‘दूरस्थ’ तेवढा ठेवावा.

‘प्रक्रिया’ हा शब्द संगणकाच्या परिभाषेत प्रोसेससाठी, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमसाठी, रुळला आहे. इथे एका प्रोसेसमधून दुसऱ्या प्रोसेसमधली प्रोसीजर, म्हणजे प्रोग्रॅममधला एक ठरावीक काम करणारा भाग, चालवली जाते, तेव्हा दोहोंना एकच शब्द दिला तर वाचकाचा गोंधळ उडेल. प्रोसीजरला ‘कार्यविधी’ म्हणावे.

‘आवाहन’ मूळचा वाईट नाही. षोडशोपचार पूजेतला पहिला उपचार तोच. पण आजच्या मराठीत पाणी जपून वापरण्याचे आवाहन केले जाते, म्हणजे ते अनेकांना उद्देशून असते आणि उत्तरासाठी कोणी थांबत नाही. शिवाय लिहिताना त्याचे ‘आव्हान’ होण्याची भीती कायमचीच. मला ‘साद’ योग्य वाटते, कारण ‘प्रतिसाद’ आपण रिस्पॉन्ससाठी आधीच वापरतो आणि साद घालणारा उत्तराची वाट पाहतो. हा शब्द आणखी एका कारणासाठी नेमका आहे. अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन या संगणकतज्ज्ञांनी १९८४ मध्ये रिमोट प्रोसीजर कॉलच्या पद्धतीवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात दूरची कार्यविधी शक्यतो जवळच्यासारखीच वापरता यावी, हा हेतू होता. त्यासाठी दोन्ही टोकांना ‘स्टब’ असतात. साद घालणाऱ्याच्या बाजूचा स्टब दिलेल्या मूल्यांचे गाठोडे बांधून पाठवतो, पलीकडचा ते सोडून खऱ्या कार्यविधीच्या हाती देतो; दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा म्हणून मी स्टबला ‘मुखत्यार’ म्हणतो. तरीही जवळ ते जवळ आणि दूर ते दूर. खात्यातून पाचशे रुपये वळते करण्याची साद गेली आणि ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही, तर साद पोहोचलीच नाही, की काम होऊन प्रतिसाद वाटेत हरवला, हे साद घालणाऱ्याला कळत नाही. पुन्हा साद घातली तर पैसे दोनदा वळते होऊ शकतात. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देऊन तोच क्रमांक पुन्हा आल्यास काम न करता आधीचेच उत्तर देण्याची व्यवस्था करावी लागते. ही अनिश्चितता ‘साद’ या शब्दातच आहे.

‘मापनीय’ मात्र सरळ चूक आहे. मापनीय म्हणजे मोजता येण्याजोगे, आणि इथे मोजण्याचा प्रश्नच नाही. ‘विस्तारक्षम’ही मी टाळेन, कारण तो एक्स्टेन्सिबलसाठी, म्हणजे नवी वैशिष्ट्ये जोडता येण्यासाठी, राखून ठेवलेला बरा. स्केलेबलचा अर्थ वाढता भार पेलणारे. ठाण्याच्या फलाटावर रोज उभे राहणाऱ्याला यातले दोन मार्ग वेगळे सांगावे लागत नाहीत : नऊ डब्यांच्या लोकलचे बारा डबे करणे, किंवा फेऱ्या वाढवणे. डबे वाढवण्याला फलाटाच्या लांबीची मर्यादा असते, तशीच एकच सर्व्हर मोठा करत जाण्यालाही असते. त्यामुळे मोठ्या सेवा बहुधा सर्व्हरची संख्या वाढवतात. पण नुसती संख्या वाढवून भागत नाही. गूगलने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या जीआरपीसी या रिमोट प्रोसीजर कॉलच्या (आरपीसीच्या) प्रणालीत एकदा जुळलेली जोडणी बराच काळ टिकते आणि तिच्यावरूनच असंख्य सादा जातात. भारवाटप केवळ नव्या जोडण्या मोजून होत असेल, तर नवे सर्व्हर रिकामे बसतात आणि जुना कोलमडतो. फेऱ्या वाढल्या तरी सगळी गर्दी एकाच गाडीत शिरावी तसे. भार प्रत्येक सादेगणिक वाटला गेला पाहिजे. म्हणून विशेषण हवे असेल तेथे ‘भारवर्धनक्षम’ असा जड समास करण्यापेक्षा ‘वर्धनक्षम’ लिहावे आणि वाक्यात ‘पेलणे’ हे क्रियापद वापरावे.

बोलताना ‘कॉल’ आणि ‘सर्व्हर झोपला’ हे चालूच राहील, आणि ते राहावे. पुस्तिकेत मात्र ‘दूरस्थ कार्यविधी साद’ हे मथळ्यापुरते ‘दूरसाद’ असे आटोपशीर करून मथळा ‘वर्धनक्षम दूरसाद सेवा’ असा द्यावा आणि लगेच खाली लिहावे : ‘दुसऱ्या संगणकावरील कार्यविधीला साद घालून तिचा प्रतिसाद मिळवणाऱ्या आणि वाढता भार अनेक सर्व्हरमध्ये वाटून पेलणाऱ्या सेवा, म्हणजेच आरपीसी सेवा.’