२० किलोहर्ट्झचा प्रोब पॅराबेन तोडायला पुरेल का?

तुम्ही विचारलंय की एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पाण्यातलं ब्यूटिलपॅराबेन (क्रीम-शाम्पूत टिकाऊपणासाठी घालतात ते पॅराबेन) अल्ट्रासाऊंडने तोडायचं आहे, डिपार्टमेंटला २० किलोहर्ट्झचा प्रोब (द्रावणात बुडवायचा, कंप पावणारा धातूचा दांडा) आहे, तो चालेल की जास्त फ्रिक्वेन्सीचं यंत्र शोधावं? जाता जाता हेही लिहिलंय की "गाईड म्हणतात एचपीएलसीवरचा पीक गेला की झालं." (एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र, पीक म्हणजे त्याच्या आलेखावरचा प्रत्येक पदार्थाचा उंचवटा.) मी लिहायला बसलो तो या वाक्यामुळे. पीक गेला की झालं, हे साफ चूक आहे.

तुमच्या गाईडचं हेच वाक्य मला माझ्या गाईडनीही ऐकवलं होतं. आमच्याकडेही प्रोबच होता. बर्फाच्या टोपात ठेवलेला काचेचा बीकर, कान किटवणारी किरकिर, आणि काही दिवसांत टायटॅनियमच्या टोकाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे. क्रोमॅटोग्रामवर, म्हणजे एचपीएलसीच्या आलेखावर, ब्यूटिलपॅराबेनचा पीक दर सॅम्पलला बुटका होत गेला आणि शेवटी बेसलाइनला मिळाला. पण आलेखावर त्याच्या बऱ्याच आधी, जिथे सुरुवातीच्या सॅम्पलमध्ये काहीच नव्हतं, तिथे दोन नवे पीक उभे राहत होते. सी-१८ कॉलममधून (एचपीएलसीतली पदार्थ वेगळे करणारी नळी) आधी बाहेर येतं ते जास्त ध्रुवीय, म्हणजे पाण्यात जास्त रमणारं. एक पॅरा-हायड्रॉक्सीबेंझोइक ॲसिडचा होता, स्टँडर्ड (त्याच पदार्थाचा शुद्ध नमुना) टाकून मी तो जुळवला. दुसरा बहुधा वलयावर आणखी एक हायड्रॉक्सिल चिकटलेल्या पॅराबेनचा. म्हणजे रेणू मोडला होता, पाण्यातला कार्बन पाण्यातच होता. शेजारच्या डिपार्टमेंटमधून टीओसी (पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनचं मोजमाप) करून आणला, तो जेमतेम हलला होता. गाईडनी तो आलेख प्रबंधातून काढायला लावला. "आपला विषय पॅराबेन आहे, टीओसी नाही." त्यावरून आमचं वाजलं ते कायमचं, आणि आज इतकी वर्षं ईटीपीवर (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर) काढल्यानंतरही मी त्याच मतावर ठाम आहे. पाणी सोडणाऱ्याला पाण्यात काय उरलंय ते सांगावं लागतं. काय गेलं, एवढं सांगून भागत नाही.

आता फ्रिक्वेन्सीचं. अल्ट्रासाऊंडने पाण्यात बारीक बुडबुडे होतात, बुडबुडा कोसळताना आत काही हजार केल्विन तापमान होतं, पाण्याचे रेणू फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल (समोरचा रेणू तोडणारे अतिक्रियाशील तुकडे) निघतात, हे तुम्ही वाचलंच असेल. रॅडिकल हवे असतील तर साधारण २०० ते ६०० किलोहर्ट्झ चांगलं. २० ला घुसळण, धक्के आणि टोकाची झीज जास्त, रसायन कमी. ब्यूटिलपॅराबेन पाण्याला नाखूश, म्हणून बुडबुड्याच्या पृष्ठभागाशी गोळा होतं आणि मिथिलपॅराबेनपेक्षा लवकर मोडतं; प्रोबवरही काहीतरी दिसेलच. तेव्हा प्रोब असेल तर प्रोबवर करा, फक्त मशीनवर लिहिलेले वॅट प्रबंधात छापू नका. पाण्याची तापमानवाढ मोजून कॅलरीमेट्रीने खरी पॉवर काढा. पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण पिवळं पडतं, ते ३५० नॅनोमीटरच्या आसपास मोजलं की रॅडिकल किती निघतात त्याचा अंदाज येतो. साध्या यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर पॅराबेन मोजायच्या भानगडीत पडू नका. त्याचं शोषण २५६ नॅनोमीटरच्या आसपास, आणि मोडून झालेल्या त्या हायड्रॉक्सीबेंझोइक ॲसिडचंही तिथेच जवळपास.

दुसरं म्हणजे, डिस्टिल्ड वॉटरमधल्या आकड्यांवर जाऊ नका. निदान एक रन नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात घ्या. बायकार्बोनेट आणि ह्युमिक द्रव्यं (कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात उतरणारी) रॅडिकल आधी खाऊन टाकतात, वेग पडतो. आमच्याकडे हा रन "नंतर बघू" म्हणून राहिला तो राहिलाच, आणि मी तेव्हाही म्हणत होतो की खरा प्रयोग तोच आहे.

हे सगळं वाचून अल्ट्रासाऊंड निरुपयोगी आहे असं समजू नका. पर्सल्फेट किंवा ओझोन या ऑक्सिडीकारकांची जोड दिली की चित्र बदलतं. शिवाय बुडबुडे करायला ट्रान्सड्यूसरच (विजेपासून अल्ट्रासाऊंड करणारा भाग) लागतो असं नाही: पंपाने पाणी ऑरिफिस (बारीक भोक) किंवा व्हेंच्युरीतून (मध्ये अरुंद केलेली नळी) ढकललं तरी होतात, आणि विजेच्या हिशेबात ते बरंच परवडतं. मुंबईत माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय, ते पेपर आधी काढा. आणि हो, पॅराबेन ॲक्टिव्हेटेड स्लजमधले (सांडपाणी शुद्धीकरणात वापरतात त्या गाळातले) जिवाणू बऱ्यापैकी खातात. त्यामुळे "मग अल्ट्रासाऊंड कशाला?" हा प्रश्न व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) येणारच. क्लोरीन मारलेल्या पाण्यात क्लोरिनेटेड पॅराबेन तयार होतात आणि ते जास्त चिवट असतात. विषय तिकडे वळवता आला तर उत्तर तयार राहील.

टीओसी मात्र कराच. कॉलेजात मशीन नसेल तर बाहेरच्या लॅबला पैसे देऊन करा, निदान सुरुवातीचं आणि शेवटचं सॅम्पल. गाईड आलेख काढायला सांगतील तेव्हा नवे पीक दाखवून विचारा की हे कुठून आले.