दहा गोष्टी चाखण्यापेक्षा एक धरून ठेवा

प्रश्न : माझी मुलगी दहावीनंतर रोटरी युथ एक्स्चेंजमधून, म्हणजे रोटरी क्लबच्या विद्यार्थी-अदलाबदल योजनेतून, ऑगस्टमध्ये वर्षभरासाठी जर्मनीला गेली. वय सोळा, लोअर सॅक्सनीतलं छोटं गाव. आता दर दोन दिवसांनी फोन येतो. तलावात पोहायला जाऊ का? फेब्रुवारीत स्कीइंगला नेणार आहेत, जाऊ का? वर्गातली मुलं बिअर घेतात, मी काय सांगू? आम्ही शाकाहारी आहोत. कशाला हो म्हणावं ते आम्हाला कळत नाही. शिवाय हे वर्ष वाया तर जाणार नाही ना? तिथे जेईईची तयारी सुरू करायला सांगू का?
– एक पालक, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. जेईईची पुस्तकं जर्मनीला पाठवू नका. जेईई मेनला बसायची संधी बारावीच्या वर्षापासून मोजतात, दहावीपासून नाही. अकरावी वर्षभर उशिरा सुरू झाली म्हणून तिची एकही संधी कमी होत नाही. गणिताचा हात सुटू नये एवढंच बघा. ते काम तिथल्या शाळेतल्या तासांवर बऱ्यापैकी होतं. दोन दगडांवर पाय ठेवून गेलेली मुलं खोलीत बसून व्हिडिओ बघतात आणि त्यांना ना धड जर्मन येतं, ना जेईई.

आता मुख्य गोष्ट. स्कीइंग, बर्फावरचं स्केटिंग, नाताळचा बाजार हे सगळं करू दे, पण वर्षाचा पाया त्यावर नको. अशा एकदाच्या सहलीत सगळे पाहुणीशी इंग्रजीत बोलतात, कारण त्या दिवसापुरतं तेच सोपं असतं. तीच पंधरा मुलं दर मंगळवारी भेटायला लागली की दोन-तीन महिन्यांत त्यांचा इंग्रजीचा उत्साह संपतो, चेष्टामस्करी जर्मनमध्ये सुरू होते आणि तिला त्यात उतरावंच लागतं. भाषा तिथे येते.

त्यासाठी तिथला शब्द आहे ‘फेराइन’, म्हणजे नोंदणीकृत मंडळ. जर्मनीत मुलांचा खेळ शाळेपेक्षा गावातल्या अशा मंडळात जास्त चालतो. हँडबॉल, टेबल टेनिस, गायनवृंद, काहीही चालेल. सुरुवातीला एक-दोन वेळा नुसतं येऊन बघू देतात; त्याला ‘प्रोबेट्रेनिंग’ म्हणतात, तेवढं विचारायला सांगा. खेळात रस नसेल तर स्वयंसेवी अग्निशमन दलाची युवा शाखा, ‘युगेंडफॉयरवेअर’, बघायला हरकत नाही. नळी जोडणं, गाठी मारणं, प्रथमोपचार असं शिकवतात. नवख्या कानाला ती जागा फार सोयीची, कारण त्याच त्या सूचना दर आठवड्याला ऐकू येतात आणि हाताने करताना अर्थ लागतो.

इथे एक चूक हमखास होते. मूल पहिल्या होस्ट फॅमिलीच्या, म्हणजे ज्या घरी राहतं त्या कुटुंबाच्या, दारातलं मंडळ निवडतं. रोटरीच्या वर्षात घर बदलतं, बहुतेक वेळा तीन कुटुंबं होतात. दुसरं घर आठ-दहा किलोमीटरवर गेलं, संध्याकाळची शेवटची बस लवकर सुटत असली, की मंडळ सुटलं. म्हणून मंडळ शाळेच्या गावातलं निवडावं; शाळा सहसा बदलत नाही.

पोहण्याबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल. तिकडे बहुतेक मुलं लहानपणीच पोहायला शिकतात, त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलीला ‘पोहता येतं का’ असं कुणी नीट विचारतच नाही, आणि ती लाजून ‘थोडंसं’ म्हणते. ‘थोडंसं’ हे उत्तर तलावावर धोक्याचं. तिथे त्याची मापं ठरलेली आहेत. ‘झेपफेर्डशन’ हा पहिला बिल्ला : काठावरून उडी, २५ मीटर पोहणं आणि खांद्याएवढ्या पाण्यातून वस्तू वर काढणं. पण एवढ्यावर कुणाला उघड्या पाण्यात सोडत नाहीत. कांस्य बिल्ल्याला १५ मिनिटांत किमान २०० मीटर पोहायचं असतं, दोन मीटर खोलीवरची वस्तू आणायची असते. हा बिल्ला मिळेपर्यंत तलावाला नाही म्हणा आणि हिवाळ्यात बंदिस्त तरणतलावावरच्या शिकवणीला हो. मे-जूनमध्ये सगळा वर्ग पाण्यावर असतो. तेव्हा काठावर कपडे सांभाळत बसायची वेळ येऊ नये. (तरणतलावाला जोडून सौना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, असेल तर तिथे स्त्री-पुरुष एकत्र आणि विवस्त्र बसण्याची रीत आहे, हे तिला आधीच माहीत असू दे. ‘मी येत नाही’ म्हटलं तर कुणाला राग येत नाही.)

स्कीइंगला होकार देण्याआधी विम्याचा कागद काढा. हिवाळी खेळ त्यात आहेत की वगळलेत, आणि तिच्या हातून दुसऱ्याला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, हे दोन मुद्दे वाचा. या दुसऱ्या प्रकाराला जर्मन माणूस ‘हाफ्टफ्लिष्ट’ म्हणतो. हेल्मेट आणि पहिल्या दिवशी प्रशिक्षकाची शिकवणी, या दोन अटी घाला. मुक्कामी जायचं तर होस्ट क्लबची, म्हणजे तिथल्या रोटरी क्लबची, परवानगीही आधी हवी. नुसता तुमचा व्हॉट्सअॅपवरचा होकार पुरत नाही.

बिअरचा घोळ असा की जर्मन कायद्याने सोळाव्या वर्षी बिअर आणि वाइन चालते, त्यामुळे वर्गमित्र काही लपूनछपून करत नाहीत. पण तिने आणि तुम्ही सही केलेले एक्स्चेंजचे नियम वेगळे आहेत. दारू, अमली पदार्थ, वाहन चालवणं आणि प्रेमप्रकरण या चार गोष्टींवर रोटरी कडक असते आणि नियम मोडणाऱ्याला घरी पाठवू शकते. मुलं यात मोपेडवर फसतात. तिथे पंधराव्या वर्षी मोपेडचा परवाना मिळतो, मित्र ‘एक चक्कर मार’ म्हणतो, आणि सांगलीत स्कूटर हाताळलेली मुलगी सहज बसते. तसंच ३१ डिसेंबरच्या फटाक्यांचं. दिवाळीत सुतळी बॉम्ब लावलेला असला तरी तिथे रॉकेट आणि मोठे फटाके अठरा वर्षांखाली नाहीत. फुलबाज्या चालतील.

खाण्याबाबत ‘मी शाकाहारी’ एवढं पुरत नाही. अंडं चालतं का, हे पहिल्या आठवड्यातच स्पष्ट सांगायला हवं होतं. नसेल सांगितलं तर आता सांगू दे. गमी बेअरसारख्या गोळ्यांत बहुधा प्राण्यांचं जिलेटिन असतं, पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ. जानेवारी-फेब्रुवारीत त्या भागात ‘कोलफार्ट’ निघते : हातगाडी ओढत थंडीत लांब चालायचं आणि शेवटी केल नावाच्या पालेभाजीचं जेवण. भाजी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ती सॉसेज आणि खारवलेल्या मांसासोबतच शिजवतात, तुकडे बाजूला काढून भागत नाही. चालायला जरूर जावं, जेवणाचं आधी सांगून ठेवावं. उलट बाजूने, तिने महिन्यातून एकदा तिथल्या घरच्यांना पोहे किंवा थालीपीठ करून घालावं. मात्र लाल मिरचीची फोडणी खिडकी उघडूनच. बंद स्वयंपाकघरात ठसका सगळ्या घराला लागतो.

आणि तुमचे फोन. दर दोन दिवसांनी परवानगी विचारणारी मुलगी तिथल्या होस्ट आईला काहीच विचारत नाही. फोन रविवारचा ठेवा. हिवाळ्यात वेळेचा फरक साडेचार तासांचा, तेव्हा त्यांची दुपारची तीनची वेळ तुम्हाला साडेसातला सोयीची. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं, मन उदास होतं. त्या महिन्यात फोन वाढवण्याऐवजी मंडळाचा एकही दिवस बुडू देऊ नका.

करिअरसाठी या वर्षातून एक ठोस कागद यावा, तो म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटची बी१, म्हणजे जर्मन भाषेची मधल्या पातळीची, परीक्षा. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण हे चार भाग, प्रत्येकात ६० टक्के हवेत. परीक्षा भाग पाडून देता येते, आणि परतल्यावर पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवनात (गोएथे इन्स्टिट्यूटचं भारतातलं नाव) देखील देता येईल. पण भाषा ताजी असताना दिलेली बरी.

परतीच्या कागदांची तयारी मार्चपासून करा. अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया ती तिकडे असतानाच सुरू होऊ शकते. अर्ज तुम्ही भरू शकाल, पण प्रवेश निश्चित करताना महाविद्यालयात काय लागतं ते आधी जाऊन विचारा. दहावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला तुमच्याकडेच हवा. गॅपचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. जर्मन शाळेकडून शिक्का-सहीचं हजेरी प्रमाणपत्र आणि गुणपत्रक उन्हाळी सुट्टी लागण्याआधी घ्यायला सांगा. शाळा बंद झाली की कार्यालयात कुणी भेटत नाही. त्याची रंगीत स्कॅन प्रत तुमच्या ईमेलवर, आणि मूळ कागद तिच्या हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सुटकेसमध्ये नको.