२७ इंची मॉनिटर घेण्याआधी हे बघ

अरे नुसता '२७ इंच, फुल एचडी' बोर्ड बघून घेऊ नकोस. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे बारीक ठिपके, ते २४ इंचावर पसरले तर इंचाला ९२ च्या आसपास येतात आणि २७ इंचावर तेवढेच पिक्सेल ताणले की ८२ वर येतं, मग जवळ बसून वाचताना अक्षरांच्या कडा खरखरीत दिसतात, आपल्या मराठीत तर अनुस्वार, रफार, जोडाक्षरं सगळं गिचमिड होतं. मला हे फार खटकतं कारण दिवसभर वाचायचं असतं ना.

२७ च हवा असेल तर २५६० गुणिले १४४० घे, इंचाला १०९ येतात, मस्त. टीव्ही लांबून बघतो म्हणून तिथे कमी चालतात.

आणि पिक्सेल म्हणजे सगळं नाही हं, रंग आणि काळा किती काळा दिसतो ते पॅनलवर, म्हणजे आतला पडदा कुठल्या प्रकारचा आहे त्यावर असतं.

ठाण्यात स्टेशनजवळच्या दुकानात जाशील तेव्हा त्यांचा चकचकीत डेमो व्हिडिओ बंद करायला सांग, मराठी बातम्यांचं पान उघड, हातभर अंतरावर बसून वाच. सेटिंगमध्ये नेटिव्ह रिझोल्यूशनच, म्हणजे मॉनिटरचे मूळ पिक्सेल जितके तितकेच, आहे ना तेही बघ, नाहीतर चांगला मॉनिटरही धूसर दिसतो.