एनव्हिडियाच्या नादी लागू नको

अरे भावा, हॅकिंटॉशसाठी (म्हणजे साध्या पीसीवर ॲपलचं मॅकओएस चालवायला) नवी पेठेत एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नको, मॅकओएसच्या हाय सिएरा व्हर्जनच्या पुढं त्यांचे वेब ड्रायव्हर (कार्ड चालवणारं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) आलेच नाहीत, त्यांची जुनी केप्लर पिढीतली कार्डं तेवढी बिग सर व्हर्जनपर्यंत चालली आणि त्यापुढच्या मॉन्टेरेत तीपण गेली. सरळ एएमडीचं आरएक्स 580 बघ, नाहीतर बजेट असेल तर आरएक्स 6600, पण त्याला मॉन्टेरे 12.1 तरी लागतं. एएमडीची आरएक्स 7000 सिरीज तर अजिबात नको. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीनं बूट करायचा पर्याय, बंद कर, ओपनकोअरमध्ये (पीसीवर मॅकओएस बूट करणारा बूटलोडर) लिलू आणि व्हॉटेव्हरग्रीन ही दोन एक्स्टेन्शन टाक, 6600 घेतलं तर बूट आर्गमध्ये (बूट होताना मॅकओएसला द्यायच्या सूचनांमध्ये) एजीडीपीमॉड=पिकेरा (agdpmod=pikera) पण टाक, नाहीतर बूट होता होता स्क्रीन काळी होते आणि लोक उगाच कार्डाला शिव्या घालतात. आणि एचडीएमआय मदरबोर्डला नाही, कार्डालाच लाव (हसू नको, लय जण करतात). सेकंडहँड घेताना फॅन नीट बघ, आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात 580 जाम तापतं.