रिकामा न्हावी आणि एम्प्टी डबा

प्रश्न भाषांतर करणाऱ्या एका वाचकाचा आहे. एम्प्टी, व्हेकंट, ब्लँक, हॉलो, व्हॉइड या सगळ्यांना मराठीत 'रिकामा' चालेल का, नसेल तर कुठे काय घ्यावं, आणि हे शब्द मुळात आले कुठून?

एम्प्टीपासून सुरुवात करतो, कारण तो या सगळ्यांत आपल्याला सर्वांत जवळचा निघतो. हा घरचा इंग्रजी शब्द, लॅटिनकडून उसना आणलेला नाही. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप 'अ‍ॅमेटिग' असं काहीसं होतं आणि ते झालं 'अ‍ॅमेटा' म्हणजे फुरसत या शब्दावरून. मधला 'प' नंतर घुसला. म वरून त वर जाताना ओठ उघडले की तो आपसूकच उमटतो. स्वतः म्हणून पाहा. तर व्युत्पत्तीनं एम्प्टी म्हणजे सवड असलेला, हाताला काम नसलेला. जुन्या इंग्रजीत तो बिनलग्नाच्या माणसालाही लावत. डबे आणि पेले या अर्थाच्या वाटेनं एम्प्टी झाले.

आता 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण आठवा. तिथला रिकामा आणि 'डबा रिकामा झाला' यातला रिकामा एकच शब्द आहे आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. रिकामटेकडा, रिकामपण, 'रिकामा असशील तर जरा ये' या सगळ्यांत वेळ आणि भांडं एकाच मापानं मोजलेलं आहे. म्हणून एम्प्टीला 'रिकामा' हा शब्द इतका चपखल बसतो. दोघांची खोड एकच.

लॅटिनमध्येही हेच घडलं. तिथल्या 'वाकारे' या क्रियापदाचा अर्थ रिकामं असणं आणि सवड असणं, दोन्ही. त्यातून व्हेकंट आला, व्हॅक्युम आला, इव्हॅक्युएट आला आणि शाळेची व्हेकेशनही आली. व्हॉइड फ्रेंचमधून फिरून आल्यामुळे ओळखू येत नाही, पण घराणं तेच. मे महिन्याची सुट्टी आणि गालिच्यावर फिरणारा व्हॅक्युम क्लीनर ही भावंडं आहेत हे सुट्टीत घर साफ करायला लागलेल्यांनी लक्षात ठेवावं.

वापराचं म्हणाल तर व्हेकंटला एकच शब्द पुरत नाही. पद असेल तर 'रिक्त', प्लॉट असेल तर 'मोकळा', बसमधली सीट असेल तर 'रिकामी'. मोकळा हा मुक्तपासून आलेला. त्यात काही नसण्यापेक्षा अडथळा नसण्यावर भर आहे. म्हणून 'मोकळं मैदान' छान वाटतं, 'रिकामं मैदान' म्हटलं की प्रेक्षक फिरकलेच नाहीत असं वाटतं. हॉलोला 'पोकळ' डोळे मिटून घ्या: बडा घर पोकळ वासा, पोकळ आश्वासनं, सगळं जुळतं. ब्लँक मूळचा फ्रेंच 'ब्लां', म्हणजे पांढरा. त्याला आपला 'कोरा', कोरा कागद, कोरा चेक. (कोरा चहा मात्र काळा असतो, त्याला इलाज नाही.) कायद्यातला व्हॉइड करार 'रद्दबातल', तिथे रिकामा म्हटलंत तर पक्षकार घाबरेल.

'रिता' थोडा वेगळा आहे. हा रिक्तचाच तद्भव, आणि मुळात 'रिच्' म्हणजे सोडून जाणं, मागे ठेवणं. लॅटिनमधल्या त्याच धातूवरून इंग्रजीत रिलिंक्विश म्हणजे सोडून देणं आला आणि जर्मानिक बाजूनं लोन म्हणजे कर्ज आला. आधी काहीतरी होतं आणि ते गेलं, ही छटा रित्यात अजून शिल्लक आहे. नव्या, कधीच न भरलेल्या डब्याला मी रिता म्हणणार नाही.

नात्यागोत्याचं निघालंच आहे तर माझा सर्वांत लाडका धागा सांगतो. इंग्रजी 'वाँट' म्हणजे हवं असणं. पण त्याचा आधीचा अर्थ उणीव असणं. चंद्राची कला घटते त्याला 'वेन' म्हणतात, आणि व्यर्थ या अर्थाचा 'व्हेन' लॅटिनमधल्या 'रिकामा' या अर्थाच्या शब्दावरून आला. या सगळ्यांचा संस्कृत सोयरा म्हणजे 'ऊन', कमी. त्यावरून आपले उणा आणि उणीव. तोच एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांच्या पोटात बसला आहे: वीसला एक उणा.

आतल्या जागांच्या शब्दांकडे वळलं की कपडे आणि घरं दिसायला लागतात. 'मला सायनस आहे' असं आपण तक्रारीच्या सुरात सांगतो. सायनस सगळ्यांनाच असतात. कपाळाच्या आणि गालांच्या हाडांतल्या त्या हवेच्या पोकळ्या. लॅटिनमध्ये सायनस म्हणजे वस्त्राची घडी, उराशी पडणारी झोळ, समुद्राची खाडी. त्रिकोणमितीतला साइन हाही हाच शब्द, आणि तो तिथे पोचला एका गमतीशीर चुकीनं. आर्यभटाच्या गणितातली 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनी ती ध्वनीवरून 'जिबा' म्हणून घेतली. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढे तो शब्द 'जैब' असा वाचला गेला. जैब म्हणजे कपड्याचा उरावरचा भाग, घडी. हिंदीतली खिशाला म्हणायची 'जेब' तीच. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी जैबचं इमानदारीनं भाषांतर केलं: सायनस. धनुष्याची दोरी अशी खिशात गेली आणि जगभरच्या शाळांत आज तोच खिसा शिकवतात.

हृदयातही घरच आहे. त्याच्या वरच्या कप्प्याचं नाव एट्रियम, आणि एट्रियम हा रोमन घरातला मुख्य दिवाणखाना. आपल्या पाठ्यपुस्तकातला 'अलिंद' म्हणजे संस्कृतात घरापुढची ओसरी. खालचा कप्पा व्हेंट्रिकल मात्र शब्दशः 'छोटं पोट', त्याला आपण 'निलय' म्हणजे राहायची जागा केलं. दातातली कॅव्हिटी, केव्ह, केज आणि जेल हे चौघे 'पोकळ' या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दाचे वंशज आहेत.

उगमाच्या शब्दांत मला केऑस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आज त्याचा अर्थ गोंधळ. पण ग्रीक कवी हेसिअडच्या विश्वोत्पत्तीच्या काव्यात सर्वांत आधी 'खाओस' होतो, आणि तिथे गोंधळ नाही, आ वासलेली पोकळी आहे. जांभई या अर्थाचा इंग्रजी 'यॉन' त्याच धातूचा. सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट या फ्लेमिश रसायनज्ञानं यावरूनच 'गॅस' शब्द घडवला. शेजारी ऋग्वेदातलं विश्वोत्पत्तीचं नासदीय सूक्त ठेवा: 'तुच्छ्येनाभ्वपिहितं यदासीत्'. इथलं 'तुच्छ्य' म्हणजे पोकळ, रिकामं, हिणकस नव्हे. आपण मराठीत तुच्छ लेखणं म्हणतो तेव्हा त्या पोकळीची फक्त हेटाळणी उरलेली असते, अगदी इंग्रजी व्हेनसारखी.

मॅट्रिक्सही पूर्वी इंग्रजीत गर्भाशयालाच म्हणत. 'माता'शी नातं उघड आहे. १८५० मध्ये सिल्व्हेस्टर या गणितज्ञानं आकड्यांच्या चौकटीला ते नाव दिलं, कारण तिच्यातून डिटर्मिनंट, म्हणजे चौकटीतल्या आकड्यांवरून काढायच्या ठरावीक किमती, जन्माला येतात असं तो बघत होता. त्याच मॅट्रिक्सचं लघुरूप 'मॅट्रिक्युला' म्हणजे नावांची नोंदवही, आणि नोंदवहीत नाव चढणं म्हणजे मॅट्रिक्युलेशन. जुन्या पिढीत 'नॉन-मॅट्रिक' म्हणून ज्यांना हिणवलं, त्यांची नावं एवढ्याच एका वहीत चढायची राहिली होती.