परसातल्या मिरच्या पाकात घालताना

साखर-व्हिनेगरच्या पाकात मुरवायच्या या मिरच्यांत खोल्याची मिरची नको घालूस गं. गोव्यातल्या काणकोणच्या डोंगरउतारावरची ती, वाळवून हुमणाला, म्हणजे माशाच्या कालवणाला, रंग आणायलाच शोभते. परसातल्या जाड सालीच्या हिरव्या मिरच्या घे. अर्ध्या किलोला 450 ग्रॅम साखर, 180 मिली व्हिनेगर, चिमूटभर हळद. माडाचं व्हिनेगर चवीला झकास, पण घरगुती असेल तर आंबटपणाचा भरवसा नाही. बरणी फ्रिजमध्येच ठेव. उकळत्या पाकात चकत्या फक्त 4 मिनिटं. पहिल्या खेपेला मी त्या पाकातच आटवत बसले, सालं पार चामड्यासारखी झाली! चकत्या झाऱ्याने बरणीत काढ, उरलेला पाक आणखी 6 मिनिटं उकळून वर ओत. चिरताना हातमोजे घाल, नाहीतर डोळा चोळशील. मुरायला 2 आठवडे तरी दे.