ईस्टरला मन उभारी धरत नसेल तर

जय ख्रिस्त, ताई. आईला जाऊन वर्षही झालं नाही, त्यात ईस्टरला, येशू मेलेल्यांतून उठला त्या सणाला, मंडळीत (चर्चमध्ये) सगळे ‘प्रभू उठला आहे’ म्हणत हसतमुखाने भेटतात, आणि आपलाच विश्वास कमी पडतो असं तुम्हाला वाटतं. तसं मुळीच समजू नका.

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा 16वा अध्याय काढा. येशूच्या कबरेवर गेलेल्या बायका तिथली धोंड लोटलेली पाहून गाणी म्हणत निघाल्या नाहीत. थरथर कापत पळाल्या. योहानाच्या 20व्या अध्यायात मग्दालीया मरीया, त्यांच्यातलीच एक, तर रडतेच आहे. समोर उभ्या येशूला ती माळी समजते, तो नावाने हाक मारतो तेव्हा कुठे ओळख पटते. थोमा या शिष्याची खात्री पटायला आणखी आठ दिवस गेले.

‘विश्वासणाऱ्याने रडू नये’ म्हणणारे भेटतील (असतात हो प्रत्येक मंडळीत!). मेलेल्या लाजराला, आपल्या मित्राला, उठवायला निघालेला येशूही त्याच्या कबरेकडे जाताना रडला, एवढं त्यांना सांगा.

मला स्वतःला सगळ्यात धीर येतो तो लूकच्या 24व्या अध्यायातल्या भाजलेल्या माशाने. उठलेल्या येशूला पाहून शिष्यांना भूत दिसल्यासारखं वाटतं, तर तो हातपाय दाखवतो, ‘खायला काही आहे का?’ विचारतो आणि त्यांच्यासमोर तो तुकडा खातो. हाडामांसाचा, व्रणांसकट. म्हणजे आपली आशा नुसत्या आत्म्यापुरती नाही. आईचे भाकरी थापणारे हातही त्यात आले.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15वा अध्याय, मेलेल्यांच्या पुन्हा उठण्याबद्दलचा, रोज थोडा मोठ्याने वाचा. घाई नको, सण पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टरपासून पन्नासाव्या दिवसापर्यंत, चालतो. आणि पहाटेची उपासना कब्रस्तानात असेल तर जरूर जा, सोबतीला कुणाला तरी घेऊन.